कानात गाणं असताना पाठांतर होतं का?

प्रश्न थोडक्यात असा आला आहे: "मी १६ वर्षांचा आहे. कानात गाणी असल्याशिवाय मला अभ्यासाला बसवतच नाही. आई म्हणते, गाण्यांनी लक्ष उडतं. मित्र म्हणतो, शास्त्रीय संगीत लावलं की स्मरणशक्ती वाढते. मी चार-चार तास बसतो, पण चाचणीत वाचलेलं आठवत नाही. गाणी बंद करू का?"

तुझं चार तासांचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. गाण्याचा प्रश्न त्यामानाने सोपा आहे. पण इतका वेळ बसूनही हाती काही लागत नाही, तेव्हा मुलं हळूहळू स्वतःलाच दोष देऊ लागतात, "आपलं डोकंच चालत नाही" असं मनाशी धरून बसतात, आणि ते मला सगळ्यात जास्त लागतं. तुझं डोकं चालतं. गेली २२ वर्षं मी मुलांना अभ्यास कसा करावा हे शिकवते आहे. वेळ भरपूर देऊनही गुण न मिळणारी जी मुलं माझ्याकडे येतात, त्यांच्यात बुद्धी कमी पडलेली मला फार क्वचित आढळते. बहुतेक वेळा रीत चुकलेली असते, आणि रीत बदलता येते.

उत्तर आधीच सांगून टाकते. गाणं तुला अभ्यासाला बसवतं, हे खरं आहे. बसल्यावर ते तुला लक्षात ठेवायला मदत करतं, हे खरं नाही. तेव्हा गाणी कायमची बंद कर असं मी म्हणणार नाही. मात्र शब्द, व्याख्या, तारखा, धड्यातले मुद्दे डोक्यात घालायचे असतील तेवढा वेळ कान मोकळे हवेत. यावर मी ठाम आहे.

याचं कारण तुला स्वतःलाच अनुभवता येईल. हे आकडे एकदा वाच: ७, २, ९, ४, १, ८, ५, ३. आता नजर दुसरीकडे वळव, मनात दहापर्यंत सावकाश मोज आणि मग ते क्रमाने लिही. लिहिताना स्वतःकडे नीट लक्ष दे. आकडे तू डोळ्यांपुढे आणत नव्हतास, मनातल्या मनात पुटपुटत होतास. मी मुलांकडून हे समोर बसवून करून घेते तेव्हा कित्येकांचे ओठही हलताना दिसतात. आता आकड्यांची दुसरी रांग घे, पण या वेळी वाचताना आणि थांबताना तोंडाने हळू आवाजात "ता ता ता ता" चालू ठेव. चार-पाच आकड्यांच्या पुढे गाडी जात नाही. तुझी स्मरणशक्ती तीच आहे, पण पुटपुटणारा आतला आवाज दुसऱ्या कामाला जुंपलेला आहे.

ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये वर्किंग मेमरीची, म्हणजे हातातल्या कामापुरती माहिती धरून ठेवणाऱ्या स्मृतीची, जी मांडणी केली, तिच्यात या आतल्या आवाजाला स्वतंत्र स्थान आहे. नवी माहिती काही सेकंद धरून ठेवायची, तिची उजळणी करायची, आधीच्या वाक्याला पुढचं वाक्य जोडायचं, हे सगळं तिथे चालतं. ही जागा अगदी लहान असते. कानावर पडणारे शब्द परवानगी न मागता तिथे शिरतात. डोळे मिटता येतात, कान मिटता येत नाहीत. "मी गाण्याकडे लक्षच देत नाही" असं तू म्हणशील, आणि तुला तसं मनापासून वाटतही असेल. पण लक्ष न देताही शब्द आत जातातच. १९७६ मधल्या एका प्रयोगात इंग्रजी बोलणाऱ्या विद्यार्थ्यांना अक्षरं लक्षात ठेवायला दिली होती आणि मागे जर्मन भाषेतलं वाचन सुरू होतं. त्यांना जर्मन येत नव्हतं. तरी शांततेच्या तुलनेत त्यांच्या चुका वाढल्या. म्हणून "मी परदेशी भाषेतली गाणी ऐकतो, मला कुठे अर्थ कळतो" ही सबब टिकत नाही. पुढे सालामे आणि बॅडली यांनी १९८९ मध्ये गायलेलं संगीत आणि नुसतं वाद्यसंगीत यांची तुलना केली. गायलेल्या संगीताने क्रमाने आठवण्याच्या कामात जास्त व्यत्यय आला.

एका मुलीची जीवशास्त्राची वही मी कधी विसरणार नाही. अक्षर सुरेख, शीर्षकांखाली रंगीत रेघा, प्रत्येक पानावर तारीख. पेशीच्या धड्यात तिने लिहिलं होतं, "केंद्रकाभोवती दुहेरी चांदणं असतं." लिहायचं होतं 'आवरण'. तिच्या इअरफोनमध्ये जे वाजत होतं त्यातला शब्द सरळ पेनातून कागदावर उतरला होता, आणि त्या पानावरून ती नंतर दोनदा उजळणी करून गेली तरी तिला तो दिसला नव्हता. मी तिला ते वाक्य मोठ्याने वाचायला सांगितलं. ती वाचता वाचता थांबली आणि तिचे डोळे भरून आले. म्हणाली, "म्हणजे मी हे वाचलंच नाहीये." आपण लिहितोय आणि शिकतोय या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात, हे तिला त्या एका शब्दाने जितकं पटलं तितकं माझ्या कुठल्याही सांगण्याने पटलं नसतं.

आवडत्या गाण्याचा त्रास होत नाही, नावडत्याचाच होतो, असं जवळपास प्रत्येक मूल मला सांगतं. निक पेरम आणि त्यांच्या सहकारी संशोधकाने २०११ मध्ये नेमकं हेच तपासलं. अक्षरांची यादी क्रमाने आठवायची होती. मागे एकदा आवडतं संगीत, एकदा नावडतं, एकदा सतत बदलणारे आकडे कुणीतरी बोलतंय, एकदा एकच शब्द पुन्हा पुन्हा आणि एकदा शांतता. आवडतं आणि नावडतं दोन्हींनी सारखाच घोळ केला. शांततेत आणि एकाच शब्दाच्या एकसुरी आवाजात मात्र यादी चांगली आठवली. पुढे २०१४ मध्ये पेरम यांनी उताऱ्याच्या आकलनावर असाच प्रयोग केला, त्यातही बोल असलेल्या गाण्यांनी आकलन घसरलं, मग गाणं आवडीचं असो वा नसो.

यातली एकसुरी आवाजाची गोष्ट फार कामाची आहे. आवाज मोठा आहे की लहान यापेक्षा तो बदलतो किती, यावर पाठांतरातला व्यत्यय अवलंबून असतो. पंख्याची घरघर किंवा एकसारख्या पावसाचं रेकॉर्डिंग यांची कानाला सवय होते. गाण्यात सूर, ठेका, बोल सतत बदलत राहतात. बदल हाच तर गाण्याचा जीव आहे. घरात बोलणी, टीव्ही, लहान भावंडांची भांडणं चालू असतील आणि ते झाकायलाच तू इअरफोन घालत असशील, तर गाण्याच्या जागी असा न बदलणारा आवाज लाव. आवाज बारीक ठेव. अशा घरात शांतता मिळवणं सोपं नसतं, आणि "शांत जागी बसून अभ्यास कर" हा सल्ला पुष्कळांच्या बाबतीत पोकळ ठरतो, याची मला जाणीव आहे.

आता तुझ्या मित्राचं म्हणणं. ते आलं कुठून, ते माहीत असलेलं बरं. १९९३ मध्ये फ्रान्सिस राउशर, गॉर्डन शॉ आणि कॅथरीन की यांनी 'नेचर' या नियतकालिकात एक पानभर टिपण छापलं. कॉलेजमधल्या ३६ विद्यार्थ्यांना मोझार्ट या पाश्चात्य शास्त्रीय संगीतकाराची दोन पियानोंसाठीची एक रचना १० मिनिटं ऐकवली. नंतर त्यांना कागद घडी घालून कापला तर उलगडल्यावर कसा दिसेल, अशा प्रकारचे आकार आणि अवकाशाचे प्रश्न दिले. नुसतं शांत बसलेल्या किंवा आराम करायच्या सूचना ऐकलेल्या वेळेपेक्षा त्यांचे गुण जास्त आले, आणि हा परिणाम १० ते १५ मिनिटांत ओसरला. मूळ प्रयोग एवढाच. त्यात कुणी धडा पाठ केला नव्हता. संगीत प्रश्न सोडवण्याआधी वाजलं होतं, सोडवताना बंद होतं. बाळांना तर कुणी काही ऐकवलंच नव्हतं. पण बातम्यांतून त्याचा 'मोझार्ट इफेक्ट', म्हणजे मोझार्ट ऐकलं की बुद्धी वाढते असा समज, झाला आणि १९९८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याचे गव्हर्नर झेल मिलर यांनी राज्यात जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाला शास्त्रीय संगीत देण्यासाठी १,०५,००० डॉलरची तरतूद मागितली.

नंतर खूप जणांनी हा प्रयोग करून पाहिला. काहींना परिणाम मिळाला, काहींना नाही. मला त्यातला सगळ्यात उलगडा करणारा वाटतो तो थॉम्पसन, शेलेनबर्ग आणि हुसैन यांचा २००१ चा अभ्यास. त्यांनी मोझार्टच्या उत्साही रचनेसमोर एक संथ, उदास रचना ठेवली. उत्साही रचनेनंतर गुण वाढले, उदासनंतर वाढले नाहीत. आणि ऐकणाऱ्याची मनःस्थिती व तरतरी हिशेबात धरली की मोझार्टचा वेगळा असा परिणाम उरलाच नाही. त्याआधी १९९९ मध्ये असंही दिसलं होतं की ज्यांना संगीतापेक्षा गोष्ट ऐकायला आवडत होतं, त्यांना गोष्ट ऐकल्यानंतर प्रश्न चांगले सुटले. थोडक्यात, मन प्रसन्न आणि अंग तरतरीत असलं की पुढची काही मिनिटं डोकं जरा बरं चालतं. त्याला मोझार्टच हवा असं नाही. तुझ्या आवडीचं गाणं हे काम तितकंच चांगलं करील.

त्यामुळे तुझा अनुभव खोटा नाही. गाणं लागलं की तुला हुरूप येतो, टाळाटाळ थांबते, तू टेबलाशी येतोस. हा फायदा मी मुळीच कमी लेखत नाही. अभ्यासाला बसणं हाच ज्यांना रोजचा डोंगर वाटतो अशी मुलं मी पाहिली आहेत. फक्त त्या फायद्याची जागा अभ्यासाच्या आधी आहे. दोन-तीन गाणी ऐक, हवं तर त्यांच्यावर नाच, तोवर टेबल आवर, पुस्तक उघड, आज काय करायचं ते कागदावर लिही. शेवटचं गाणं संपलं की इअरफोन काढून दुसऱ्या खोलीत ठेव. खिशात नको. पहिली काही मिनिटं जड जातील. तिथे टिकलास की पुढचं सुरळीत होतं, आणि आठवडाभरात ती गाणीच "आता बसायचंय" ही खूण होऊन जातात.

"एवढे प्रयोग झाले, तर एकदाचं होय की नाही ते का सांगत नाहीत?" असं मला पालक विचारतात. जर्मनीतल्या केम्फे आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये पार्श्वसंगीतावरचे अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा सगळ्यांची बेरीज जवळपास शून्य आली. पण आत पाहिलं तर वाचनात अडथळा येत होता आणि स्मरणावर लहानसा का होईना वाईट परिणाम होता, तर भावनांवर आणि खेळातल्या कामगिरीवर चांगला परिणाम होता. चांगलं आणि वाईट एकमेकांना खाऊन टाकत होतं. म्हणून "संगीत चांगलं की वाईट" याला उत्तर नाही. "कुठल्या कामाला" हे विचारलं की लगेच उत्तर मिळतं. धडा वाचणं, उत्तरं पाठ करणं, निबंध किंवा कुठलंही स्वतःचं लेखन, परकी भाषा शिकणं, गणितातला नवा प्रकार समजून घेणं: शांतता. आकृती रंगवणं, वही नीट उतरवून काढणं, तक्त्याच्या रेघा मारणं, कागद लावून ठेवणं: खुशाल गाणी. सरावाची, हातात बसलेली गणितं मधे येतात; तिथे बारीक आवाजातलं वाद्यसंगीत चालतं असा माझा अनुभव आहे, पण हातचा विसरायला लागलास तर तेही बंद कर.

वाद्यसंगीत म्हटलं की मुलं ओळखीच्या गाण्यांच्या बासरीवरच्या किंवा पियानोवरच्या धून लावतात. त्यात बोल नसतात खरे, पण तुला ते पाठ असतात आणि मन ते आपोआप भरत जातं. तेव्हा लावायचंच तर अनोळखी, संथ आणि बारीक आवाजातलं लाव. २०१२ मधल्या एका अभ्यासात, बोल नसतानाही, जलद आणि मोठ्या आवाजातल्या संगीताने आकलन बिघडलेलं दिसलं होतं. संगीत शिकणाऱ्या मुलांनी तर शब्दांच्या अभ्यासाला वाद्यसंगीतही टाळावं. त्यांचा कान सूर-लय तपासल्याशिवाय राहत नाही. आणि फोनवर दर गाण्याला "हे नको, पुढचं" असं करत हात जात असेल, तर प्रश्न संगीताचा उरत नाही. गाणं बदलायला उचललेल्या फोनवर आलेला मेसेज दिसतो, आणि दहा मिनिटं गेलेली कळतही नाहीत.

स्वभावाप्रमाणे फरक पडतो का? काही अभ्यासांत अंतर्मुख विद्यार्थ्यांना संगीताचा जास्त त्रास होताना दिसला आहे. २००७ मधल्या एका अभ्यासात लक्ष टिकवायला अवघड जाणाऱ्या मुलांना पांढऱ्या गोंगाटाचा, म्हणजे सलग 'शूऽऽ' अशा आवाजाचा फायदा झाला, तर बाकीच्या मुलांना त्याच आवाजाने तोटा झाला. म्हणून एडीएचडी (लक्ष टिकवायला अवघड जाण्याची अवस्था) असलेल्या मुलांच्या बाबतीत मी सरसकट नियम लावत नाही, एकेका मुलाबरोबर बसून ठरवते.

आता पुन्हा तुझ्या चार तासांकडे येते, कारण माझ्या मते खरं दुखणं तिथे आहे. गाणं लावून तू त्या चार तासांत काय करत असशील, तर वाचत असशील. एकदा, दोनदा, तीनदा, खुणा करत. गाण्यामुळे असं वाचत राहणं सुखाचं होतं. आणि नुसतं वाचत राहणं ही लक्षात ठेवायची फार कमकुवत रीत आहे. तिसऱ्या वाचनाला ओळी ओळखीच्या वाटतात आणि "आलं मला" असं वाटतं. ओळखीचं वाटणं आणि न बघता सांगता येणं यांत मोठं अंतर आहे. रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी पुस्तक मिटून आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तर आठवून लिहिणारे पुढे होते. तुझ्या बाबतीत काय होतंय ते यात आलं: रात्री येतं, चाचणीत येत नाही.

तेव्हा पंचवीस मिनिटं शांततेत वाच, पुस्तक मीट, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिही, मग उघडून राहिलेलं लाल पेनाने भर. हे गाणी लावून करून पाहशील तर गाणं आपोआप नकोसं होईल. आठवायला आतला आवाज पूर्ण लागतो. ज्या क्षणी खरं काम सुरू होतं, त्या क्षणी मुलं स्वतःहून इअरफोन काढतात, हे मी असंख्य वेळा पाहिलं आहे. एक गोष्ट आणखी. कागद भरून झाल्या झाल्या गाण्यांकडे धाव घेऊ नकोस. २०१२ मधल्या एका प्रयोगात गोष्ट ऐकल्यावर १० मिनिटं काहीही न करता शांत बसलेल्यांना ती सात दिवसांनीही जास्त आठवली. लगेच दुसऱ्या खेळात गुंतलेल्यांना कमी आठवली. पाच-दहा मिनिटं खिडकीपाशी उभा राहा, मग ऐक.

परीक्षेची खोली शांत असते, हेही लक्षात घे. १९७५ मध्ये गॉडन आणि बॅडली यांनी पाणबुड्यांना काही शब्द पाण्याखाली आणि काही काठावर शिकवले. जिथे शिकले तिथेच विचारलं तर ते जास्त आठवले. संगीताबाबतही १९८५ मध्ये असं दिसलं की शिकताना मागे जे वाजत होतं तेच आठवतानाही वाजलं तर फायदा होतो. परीक्षेत तुला गाणं मिळणार नाही. मग सराव तरी शांततेतच का करू नये?

एका ठिकाणी मात्र मी स्वतः मुलांना गायला लावते. मजकूरच चालीत बसवायचा असेल तर चाल मदत करते. पाढे असे कित्येकांच्या तोंडी कायमचे बसतात. मूलद्रव्यांचा क्रम, नद्यांची नावं, क्रमाने लक्षात ठेवायची कुठलीही यादी साध्या, पुन्हा पुन्हा येणाऱ्या चालीत घालून बघ. तिथे गाणं अभ्यासाच्या मागे वाजत नसतं, अभ्यासच गाणं झालेला असतो.

माझ्या शब्दावर विसंबू नकोस, स्वतःवर तपासून बघ. एकाच विषयाचे सारख्या अवघडपणाचे आठ छोटे भाग निवड. एक दिवस एक भाग गाणी लावून २५ मिनिटं, पुढचा भाग दुसऱ्या दिवशी त्याच वेळी शांततेत. असं आलटून-पालटून आठ दिवस. वाचून झाल्यावर किती आलं असं वाटतं, ते दहापैकी लिहून ठेव. दुसऱ्या दिवशी, नवा भाग सुरू करण्याआधी, कोऱ्या कागदावर आदल्या दिवसाचं लिही आणि पुस्तकाशी ताडून किती मुद्दे बरोबर आले ते त्याच्या शेजारी मांड. हे दोन रकाने शेजारी-शेजारी बघणं फार बोलकं असतं: गाण्याच्या दिवशी 'वाटलेलं' आणि 'आलेलं' यांतलं अंतर मोठं निघतं, असं बहुतेकांच्या वहीत मी पाहिलं आहे. तुझ्या वहीत वेगळं आलं तर तुझ्या वहीवर विश्वास ठेव. आणि ती वही आईलाही दाखव. ती चिडून बोलत असेल, पण तुझे चार तास फुकट जाताना तिला बघवत नसणार.